राखणदारानं जाब कोणाला द्यायचा?

गुंडांच्या टोळीपुढे सरकार कमी पडलं तर लोकांनीच काठी हातात घ्यावी का? खांदेश्वरमध्ये वॉचमन, सीसीटीव्ही आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या भरवशावर निवांत झोपणाऱ्या आपल्याला हा प्रश्न दूरचा वाटतो. पण तो आपल्याच गावगाड्यातला, जुना प्रश्न आहे.

पेशवाईत गावाची राखण रामोशी, भिल्ल, जागल्या करत. चोरी झाली की राखणदारानं पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावच्या राखणदाराची. एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात ही पद्धत नोंदवली आहे. माग लागलाच नाही, तर चोरीची भरपाई त्याच्याकडून मागितली जाई. ती दर वेळी वसूल होत असेल असं नाही. पण त्यामागचं तत्त्व बघा. ज्याच्या हाती राखण, त्याच्याच माथी जाब.

इंग्रजांनी १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं पोलीसपाटलाला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हाताखाली आणलं. जाब गावाकडून कचेरीकडे गेला. पुढे डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या धास्तीत, मोरारजी देसाईंच्या पुढाकारानं मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले. माणसं साधी, नागरिकच. पण गणवेशात आणि कायद्यात बांधलेली.

नव्वदीत मुंबईत खंडणी आणि गोळीबारांचा कहर झाला, तेव्हा सरकारनं १९९९ मध्ये मोक्का आणला. पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाबही त्यात पुरावा ठरतो. म्हणजे हत्यार भलतंच धारदार. म्हणूनच तो लावायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. इथेही जाब आहेच.

आता नागपूर. कस्तुरबानगरात अक्कू यादवची दहशत वर्षानुवर्षं चालली. बायकांवर अत्याचार झाले. तक्रारींना दाद मिळत नाही, असं वस्तीचं म्हणणं होतं. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयातच जमावानं त्याला ठार केलं. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांचा संताप आपल्याला कळतो. आधी नापास झालं ते सरकार. पण त्या मृत्यूचा जाब शेवटी कोणीच दिला नाही, हेही तितकंच खरं.

आणि असा बेजबाबदार हात दर वेळी गुंडावरच पडतो असं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच निरपराध भटक्यांना मारलं. तिकडे मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये २०१३ साली शेतकऱ्यांनी टोळ्यांविरुद्ध बंदुका उचलल्या. पुढच्या वर्षी सरकारनं त्यांतल्या अनेकांना ग्रामीण पोलिसांचा गणवेश दिला. पण काही गटांत टोळ्यांचीच माणसं शिरली होती.

तेव्हा ‘सरकार की लोक’ हा वाद आपण बाजूला ठेवू. लोकांनी गस्त जरूर घालावी, माग काढावा, साक्षीला उभं राहावं. ते नसेल तर पोलीसही आंधळेच. पण पकडलेला माणूस कायद्याच्या हाती द्यावा. आणि दाद मागणाऱ्याला परत पाठवणाऱ्या ठाण्यालाही जाब विचारावा. आपल्या वस्तीत रात्रपाळीची गस्त ठरेल तेव्हा काठ्या किती, हे नंतर मोजू. त्या गस्तीनं जाब कोणाला द्यायचा, ते आधी ठरवू.