गावरान कशाला म्हणायचं?

इंद्रायणीकाठचं तळवडे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्याच्या कितीतरी आधी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पाया घातला गेला होता, आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कारखान्यांना वेग आला. या पट्ट्यातली परसबाग कारखान्यांनी आणि इमारतींनी गिळली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात ना कारखाना आला, ना टाउनशिप. तरीही राहीबाई पोपेरे यांना तिथे देशी वाण शोधून, गोळा करून, जपून ठेवावे लागले. या कामासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जमीन शाबूत असलेल्या गावातही वाण हरवत होते, याचा अर्थ दोष एकट्या जमिनीचा नाही. मोडली ती घरचं बी धरण्याची रीत, आणि परसबाग त्या रीतीवरच उभी होती.

ही रीत म्हणजे काय, ते वांग्यात बघावं. बियाला ठेवायचं फळ निरोगी झाडावरचं आणि चांगल्या आकाराचं असतं. ते खुडायचं नाही, पिवळं पडेपर्यंत झाडावरच राहू द्यायचं. मग गर पाण्यात कुस्करून बी वेगळं करायचं, सावलीत सुकवायचं, राखेत कालवून गाडग्यात भरायचं आणि तोंड बंद करायचं. राख ओल शोषते आणि किडीला आत शिरू देत नाही. यात खर्च काही नाही, पण निवड आहे: कोणतं झाड ठेवायचं, हे दरवर्षी कुणीतरी ठरवतं. बहुतेक घरांत ते बाईच ठरवायची. हे काम शेतीच्या हिशोबात कधी धरलं गेलं नाही, म्हणून ते थांबल्याचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्याला आपण गावरान म्हणतो तेच मुळात परदेशी आहे. बरोबर आहे. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पण या आक्षेपाने माझं म्हणणं पक्कंच होतं. मिरचीचं बी आपल्या हवेत सहज धरतं, म्हणून गावागणिक तिची चव आणि तिखटपणा वेगळा झाला. कोबीही बाहेरूनच आला आणि रोजच्या जेवणात रुळला. पण त्याला फुलावर यायला लांबलचक थंडी लागते, ती दख्खनमध्ये नाही. त्याचं बी कुलूसारख्या थंड खोऱ्यात धरावं लागतं. म्हणून गावरान मिरची आहे, गावरान कोबी नाही. मूळ कुठलं, यावर वाण गावरान ठरत नाही. इथल्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या बी धरलं की ते गावरान होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संकरित बियाणं जास्त पिकतं. १९६४ मध्ये जालन्यात महिको उभी राहिली, १९६६ मध्ये बियाणे कायदा आला आणि शेतकऱ्याला खात्रीचं बी मिळू लागलं. बाजारासाठी पिकवणाऱ्याला त्याचा फायदा झाला, तो नाकारणं अन्याय ठरेल. मात्र संकरिताचं बी पुढच्या पिढीत तसंच उतरत नाही. पुडी दरवर्षी विकत घ्यावी लागते. बारा वेलींच्या परसात उत्पन्न हे माप नसतंच. तिथे चार महिने थोडी थोडी भाजी निघणं महत्त्वाचं. शिवाय २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा आणि वाटायचा हक्क दिला आहे.

तळवड्यातल्या गॅलरीत सुरुवात करायची तर घेवड्यापासून करा. त्याचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर धरतं, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. मात्र पहिलं बी संकरित नसलेलं घ्या. चार चांगल्या शेंगा खुडू नका; वेलावरच खडखडीत वाळू द्या, आणि त्यातलं मूठभर बी शेजारच्या घरी द्या.