साडेसतरा शिलिंगांचा मफलर

आमच्या घराण्यात संगीत अजिबात नाही, असं म्हटलं तर अण्णांवर अन्याय होईल. अण्णा दाढी करताना नाट्यगीत म्हणत आणि तान हनुवटीपाशी आली की हमखास कापत. पण रॉक बँड म्हणतात तो प्रकार आमच्या घरात शिरला माझ्या पुतण्याच्या, निखिलच्या रूपाने. तो आणि त्याचे तीन मित्र डोंबिवलीत परागच्या गच्चीवरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून, दर रविवारी वाजवतात. टाकी अजून शाबूत आहे.

एका रविवारी निखिल हेडफोन घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आमचा डेमो ऐकता का?" डेमो म्हटलं की मला पाण्याचा फिल्टर विकणारा आठवतो. तरी ऐकला. पहिला अर्धा मिनिट सोसायटीची मोटर कोरडी फिरत असावी असं वाटलं. मग त्या मोटरवर कुणीतरी पिंप लोटून दिलं. ते ड्रम होते.

"गातंय कोण ह्यात?"

"मीच."

"मग तुझा आवाज कुठाय?"

"आहे ना. थोडा मागे आहे."

"मागे म्हणजे कुठे, कल्याणला?"

ह्यावर तो हसला नाही. माझ्या विनोदांना न हसणारी माणसं बँकेत पुष्कळ आहेत, त्यामुळे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

हा आवाज कल्याणला कसा पोचला, त्याची हकीकत अशी. चौघेही एका कॉम्प्युटरभोवती बसले. गिटारवाला म्हणाला, गिटार कमी ऐकू येतेय. वाढवली. मग बेसवाल्याला बेस कमी वाटू लागला. वाढवला. मग परागने वर ज्या खोलीत बसलो आहोत ती कोणाची, ह्याची आठवण करून देऊन ड्रम वाढवले. मग पुन्हा गिटार. शेवटी पडद्यावरचे सगळे दिवे लाल. आम्हाला बी.कॉम.ला ह्याचं नाव शिकवलं होतं: चलनवाढ. प्रत्येकाच्या हातात पूर्वीपेक्षा मोठी नोट, आणि बाजारात किलोभर कांदे कुणालाच घेता येत नाहीत.

आता कारकुनापुढे अडचण आली की तो आधीचं प्रकरण शोधतो. मीही इतिहासात शिरलो, आणि जे पहिलंच कागदपत्र हाती लागलं ते इतकं जुळणारं निघालं की काय सांगू!

1958 सालचा जुलै महिना. लिव्हरपूल शहरात केन्सिंग्टन नावाच्या रस्त्यावर 38 नंबरच्या घरात पर्सी फिलिप्स नावाचे एक गृहस्थ राहत. घरातल्याच एका खोलीत त्यांनी रेकॉर्डिंगचा संसार मांडला होता. तिथे पाच पोरं गेली. बँडचं नाव 'क्वारीमेन'. पोरांची नावं जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, पियानोवर जॉन डफ लो आणि ड्रमवर कॉलिन हॅन्टन. ह्यातल्या पहिल्या तिघांचं पुढे बरं चाललं. त्या दिवशी मात्र ती आमच्या गच्चीवरच्या मंडळींइतकीच हौशी होती. त्यांनी बडी हॉलीचं 'दॅट'ल बी द डे' आणि स्वतःचं 'इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर' अशी दोन गाणी एका तबकडीवर उतरवून घेतली. खर्च साडेसतरा शिलिंग सांगतात. पाच जणांत माणशी बरोबर साडेतीन शिलिंग, भागाकारात बाकी शून्य. हे वाचून मला कारकून म्हणून जो आनंद झाला तो गाणी ऐकूनही झाला नाही.

माइक एकच. म्हणजे मिक्सिंग काय ते पायांनी करायचं. मोठं ऐकू यायला हवं तर पुढे सरका, नको तर भिंतीशी जा. आणि ड्रम सगळ्यांना बुडवायला लागला तेव्हा काय केलं? हॅन्टननेच सांगून ठेवलंय, की ड्रमवर मफलर टाकला. मिक्स सुधारण्याचा इतका स्वस्त उपाय मी दुसरा वाचला नाही.

तबकडीची एकच प्रत. प्रत्येकाने आठवडाभर ठेवायची आणि पुढच्याला द्यायची असं ठरलं. ती फिरत फिरत डफ लोकडे आली आणि तिथेच वीस-बावीस वर्षं राहिली. आमच्या खात्यात असल्या वस्तूला बुडीत कर्ज म्हणतात. पण हे बुडीत कर्ज असं, की 1981 साली मॅकार्टनीने ते स्वतः पैसे मोजून परत घेतलं आणि 1995 साली जमेल तेवढी खरखर काढून जगाला ऐकवलं.

ही मफलरची गोष्ट मी मोठ्या उत्साहाने चौघांना सांगितली. पोहे चालू होते. पराग म्हणाला, "म्हणजे काका, माझ्यावर शाल पांघरायची, असंच ना?" आणि बशी तशीच ठेवून उठला. जिना उतरताना तो "मग मशीनच लावा" असं काहीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं. खोली त्याची, ड्रम त्याचे, आणि कॉलेजच्या स्पर्धेला डेमो पाठवायला उरले होते नऊ दिवस. इतिहास पोह्यांबरोबर वाढू नये, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं मी उरलेल्या तिघांना जपून सांगितलं. बीटल्सचा पहिला अल्बम बराचसा 11 फेब्रुवारी 1963 ह्या एका दिवसात झाला, तोही दोनच ट्रॅकवर. एकावर गळे, दुसऱ्यावर वाद्यं. त्याची स्टिरिओ प्रत ऐकलीत तर एका कानात सगळे गाणारे आणि दुसऱ्या कानात सगळे वाजवणारे, कानांना पाळ्या वाटून दिल्यासारखे. ही दोन खाती वेगळी ठेवली होती ती मुळात नंतर एकत्र करताना गळा आणि वाद्य ह्यांचा तोल नीट धरता यावा म्हणून. त्याच वर्षी पुढे चार ट्रॅक मिळाले. चार भरले की त्यांचं मिश्रण करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि उरलेल्या जागेत नवीन वाद्यं. एकदा उतरवलं की संपलं, पास झालेलं व्हाउचर! त्यातला ड्रम नंतर कमी करता येत नाही. त्यामुळे जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या इंजिनिअरांना काय पुढे, काय मागे हे आधीच ठरवावं लागे. 1967 सालचा 'सार्जंट पेपर' ह्याच चार ट्रॅकांच्या चाळीत झाला. निखिलच्या कॉम्प्युटरात नुसत्या ड्रमला नऊ ट्रॅक आहेत.

आणि हे सगळं सातासमुद्रापार घडलं असं समजू नका. 1968 च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' सिनेमाच्या संगीतासाठी मुंबईत, फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आला होता. 'द इनर लाइट' ह्या बीटल्सच्या गाण्याची साथसंगतही तिथलीच. दोन ट्रॅकचं मशीन कलकत्त्याहून आणावं लागलं. पुढे हॅरिसनने सांगितलं की स्टुडिओत बाहेरचा आवाज यायचा, आणि संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की काम थांबवावं लागे, कारण जिन्यावरून उतरणाऱ्यांचे पाय ऐकू यायचे! जगप्रसिद्ध माणसाचं रेकॉर्डिंग थांबवण्याची ताकद आमच्या जातभाईंच्या चपलांत होती, ही गोष्ट आमच्या युनियनने अजून कुठे छापलेली नाही. अण्णा त्या काळी फोर्टातच नोकरीला. मी त्यांना विचारलं. ते पेपर खाली न करता म्हणाले, "आमचा जिना वेगळा होता. आणि आम्ही पावणेसहाशिवाय खुर्ची सोडत नसू."

असो. निखिलच्या आवाजाचं मात्र कोडं सुटेना. बाकीचे आपापलं वाद्य वाढवत होते तेव्हा हा काय करत होता? एका संध्याकाळी तो एकटाच आला, तेव्हा मी त्याला लेननची गोष्ट सांगितली. जॉन लेननला स्वतःचा आवाज आवडत नसे. सारखा म्हणे, त्याचं काहीतरी करा, झाका. 1966 साली एका गाण्यासाठी त्याला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामांनी म्हटल्यासारखा हवा होता, तर तो ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून काढला. त्याच वर्षी केन टाउनसेंड ह्या इंजिनिअरने एकच आवाज आपोआप दुहेरी ऐकू येईल अशी युक्ती काढली. आता बोला! लेननला लाज वाटते, तर तुझी काय कथा?

निखिल म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना, काका."

"मी? काय?"

"सहावीत. गणपतीत."

मला आठवलं. सोसायटीच्या गणपतीत निवेदनाचं काम माझ्याकडे असतं. त्याने एक गाणं म्हटलं होतं, आणि मी माइक घेऊन म्हणालो होतो, "भोंगा दुरुस्त झाला की पुढचा कार्यक्रम सुरू करू." काय हशा पिकला होता! दोन-तीन वर्षं लोक मला त्या वाक्याची आठवण काढून टाळी देत. त्यानंतर निखिल घरात कधी गायला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तो चार जणांच्या मागे उभा राहून गाऊ लागला आणि मिक्स करताना, बाकीचे वाढवताहेत तोवर, गुपचूप स्वतःला कमी करत गेला. म्हणजे ह्या डेमोतला सगळ्यात मोठा ड्रम मीच होतो.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नशिबाने कुकरची शिट्टी झाली.

मग मी त्याला कॅसेटचं सांगितलं. लेननने 1977 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर बसून 'नाऊ अँड देन' नावाचं गाणं साध्या कॅसेटवर म्हणून ठेवलं होतं. 1980 मध्ये तो गेला. 1994 साली योको ओनोने कॅसेट मॅकार्टनीला दिल्या. 1995 मध्ये तिघांनी हे गाणं पुरं करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. टेपवर विजेची गुणगुण, आणि पियानो आवाजाच्या अंगावर बसलेला. एकाच माइकमध्ये शिरलेले दोन आवाज सोडवणार कसे? चहातून साखर काढण्यासारखं ते. पुढे पीटर जॅक्सनच्या लोकांनी जुन्या टेपांतले आवाज सुटे करायला कॉम्प्युटरला शिकवलं, त्याने पियानोतून आवाज अलगद बाजूला काढला, आणि 2 नोव्हेंबर 2023 ला गाणं बाहेर आलं. हॅरिसन तोवर 2001 मध्येच गेलेला, पण 1995 ची त्याची गिटार त्यात आहे. ह्या सगळ्या खटाटोपात कुणी लेननचा आवाज सुंदर केला नाही. फक्त अंगावरचा पियानो उचलला.

निखिल बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "परागला फोन करू का?"

पराग आला. त्याने काय अट घातली ते मला कळलं नाही. पण मंडळींनी सगळ्या पट्ट्या शून्यावर आणल्या आणि आधी एकटा गळा वर घेतला. मग एकेक वाद्य, गळा बुडणार नाही इतपत. गिटारमधला खालचा घुमणारा गाळ काढला, तेव्हा बेस आपसूक ऐकू आला, न वाढवता. दोन गिटारी डाव्या-उजव्या बाजूला सरकवल्या, मधली जागा गळ्याला. मग माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या मोबाइलवर, मिक्सर चालू असताना, लावून पाहिलं. ड्रमवर मफलर कुणी टाकला नाही. परागने स्वतःच ते थोडे खाली घेतले म्हणे, आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं.

मला फोनवर 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' आणि 'फायनल काका' अशा चार प्रती आल्या. चौथी मी बँकेत डबा खाताना ऐकली. आवाज अगदी मध्यभागी, जवळ. दुसऱ्या कडव्यात जरासा फाटतो. तो फाटलेला भाग त्यांनी तसाच ठेवलाय. भाजी गार झाली. मी निखिलला लिहिलं, "आवाज अजून थोडा वाढव."

लगेच उत्तर आलं. "नको काका. पराग म्हणतो, पुरे."