दुखणें हाताचें, मूळ मानेंत

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोम शहरीं पॉसानिअस नांवाचा एक सीरियन पंडित होता. त्याच्या एका हाताची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला. वैद्यांनीं त्या बोटांवर लेपांमागून लेप चढविले. गुण म्हणून येईना. शेवटीं प्रकरण गेलन या ग्रीक वैद्याकडे गेलें. गेलननें बोटांकडे फारसें न पाहतां निराळीच चौकशी आरंभिली : मध्यंतरीं कोठें पडणें-झडणें झालें होतें काय? तेव्हां उलगडलें कीं, पंडितमहाशय प्रवासांत गाडींतून पडले होते आणि पाठीच्या वरच्या भागास मार बसला होता. गेलननें बोटांवरचे उपचार थांबवून औषध मानेच्या तळाशीं लावावयास सांगितलें, आणि बोटें सुधारलीं.

औषधानें गुण आला कीं काळानें, हें आज सांगतां येणार नाहीं. पॉसानिअसची मानेंतील गादीच दुखावली होती असेंही छातीठोक म्हणतां येत नाहीं. परंतु जेथें दुखतें तेथेंच दुखण्याचें मूळ असतें असें नव्हे, ही गोष्ट गेलनला जनावरांच्या मज्जारज्जूवर निरनिराळ्या पातळींवर छेद घेऊन कळली होती, आणि रोग्याच्या खाटेपाशीं ती त्याच्या कामीं आली.

मानेंत मणके सात, पण तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ. पहिल्या दोन मणक्यांमध्यें गादी नसते. दुसऱ्याच्या खालीं मात्र प्रत्येक मणक्याखालीं एक, अशा सहा गाद्या मानेच्या वांट्याला येतात. गादी म्हणजे बाहेरून चिवट तंतूंचें कडें आणि आंत मऊ, ओलसर गर. वय वाढतें तसा गर सुकतो, कडें चिरतें, आणि एखादे दिवशीं गर बाहेर डोकावतो. तो बाजूला सरकला तर हाताकडे जाणारा मज्जातंतू मुळाशींच दाबला जातो. मग खांद्यापासून बोटांपर्यंत कळा, मुंग्या, बधिरता. तो सरळ मागें घुसला तर मात्र गांठ मज्जारज्जूशीं पडते, आणि पायांचा भरंवसा राहत नाहीं. हा बाजूचा आणि मधला भेद ध्यानांत ठेवावा. उपचारांचा पुढील इतिहास त्याच्याभोंवतीं फिरतो.

प्राचीनांना गादी ठाऊक नव्हती, पण मानेचें भय ठाऊक होतें. एडविन स्मिथ याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ईजिप्तच्या वैद्यकीय पपायरसांत ४८ रोग्यांचीं टिपणें आहेत. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रोग्याविषयीं तेथें स्पष्ट निर्वाळा दिला आहे कीं, या दुखण्यावर उपचार करूं नये. आपल्याकडील सुश्रुतसंहितेची वृत्ति अधिक आशावादी दिसते. मान वळली किंवा आंत दबली असेल तर मानेची मागची बाजू आणि हनुवटी धरून माणसास वर उचलावें, फळ्या लावून कापडी पट्ट्यानें बांधावें, आणि सात रात्री उताणें निजवावें, असें चिकित्सास्थानांत सांगितलें आहे. ताण देणें, आधार देणें आणि विश्रांति देणें, हे तीनही उपाय आजच्या रुग्णालयांत थोड्याबहुत फरकानें आढळतात. अर्थात् हे उपाय जाणत्याच्या हातचे. केशकर्तनालयांत मान कडकन् मोडून घेण्याची जी हौस अनेकांना असते तिला सुश्रुताचा आधार शोधूं नये.

व्हेसेलिअसनें १५४३ सालच्या आपल्या शरीररचनेच्या ग्रंथांत गादीचें वर्णन केलें. तरी ती फाटून माणसाला छळते ही कल्पना रुजण्यास आणखी जवळजवळ चार शतकें लागलीं. या विलंबाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य बायरन स्टूकी यांनीं १९२८ सालीं मानेंतील मज्जारज्जूवर दाब आणणाऱ्या कूर्चेच्या गोळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. लक्षणें त्यांनीं अचूक टिपलीं, पण त्या गोळ्यांना ते अर्बुद, म्हणजे नवी गांठ, समजले. १९३४ सालीं बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या जोडीनें १९ रोग्यांची माहिती छापली. त्यांतील ४ जणांचा दोष मानेंत होता. त्यांनीं अर्बुद म्हणून पूर्वीं काढून जपून ठेवलेले तुकडे पुन्हां तपासले, तों त्यांतील पुष्कळसे फाटलेल्या गादीचे निघाले! जी वस्तु बरणींत घालून, चिठ्ठी लावून कपाटांत ठेवली होती तिचें खरें नांव कळावयास पुन्हां कोणींतरी बरणी उघडावी लागली. स्टूकी यांनींही १९४० सालीं नवा अर्थ मान्य करून त्याच विषयावर नव्यानें लिहिलें.

यानंतर वेग आला. मेम्फिसच्या सेम्स व मर्फी यांनीं १९४३ सालीं चार रोगी असे दाखविले कीं, ज्यांची लक्षणें हृदयविकारासारखीं होतीं, पण दोष मानेच्या सहाव्या गादीचा होता. पुढच्याच वर्षीं स्पर्लिंग व स्कोव्हिल यांनीं एक साधी कसोटी सांगितली : डोकें दुखऱ्या बाजूस कलवून वरून दाबावें, कळ हातांत उतरली तर मूळ मानेंत. ही कसोटी स्पर्लिंगच्या नांवानें अद्याप चालते, आणि तिला यंत्र लागत नाहीं. मात्र एक सावधगिरी हवीच. छातींतल्या दुखण्याचा ठपका परस्पर मानेवर ठेवूं नये. आधीं हृदय तपासून घ्यावें.

त्या काळीं शस्त्रक्रिया मानेच्या मागून होत असे. बाजूला सरकलेला गर तेथून निघे. मधोमध घुसलेला गर काढावयाचा तर आड येणारा मज्जारज्जू हलवावा लागे, आणि त्यांत रोगी अधिक पंगु होण्याचें भय असे. ही कोंडी समोरून फुटली. बाल्टिमोरचे रॉबिन्सन व स्मिथ यांनीं १९५५ सालीं, आणि होनोलुलूचे राल्फ क्लोवर्ड यांनीं १९५८ सालीं, गळ्याच्या पुढून जाण्याची वाट प्रसिद्ध केली. अन्ननलिका व श्वासनलिका एका अंगास, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या अंगास सारली कीं मणके समोर येतात. गादी काढावी, पोकळींत हाडाचा तुकडा बसवावा, आणि दोन मणके कालांतरानें सांधून एक व्हावेत. हाड बहुधा रोग्याच्याच कमरेंतून घेत. कित्येकांना मानेपेक्षां कमरच अधिक दिवस दुखे.

सांधलेल्या मणक्यांचा भार शेजाऱ्यांवर पडतो, अशी शंका पुढें बळावली. १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत अशा शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांत सुमारें चौथ्या हिश्श्याच्या रोग्यांना शेजारच्या गादीचा नवा त्रास होईल असा अंदाज निघाला. तो सांधण्यामुळें कीं वयोमानामुळें, यावर मतभेद आहेत. म्हणून हलती कृत्रिम गादी आली. स्वीडनमध्यें फर्नस्ट्रॉम यांनीं १९६० नंतरच्या दशकांत पोलादी गोळे बसवून पाहिले, ते टिकाव धरूं शकले नाहींत. सुधारलेल्या गादीला अमेरिकेंत २००७ सालीं मान्यता मिळाली.

इतकी हत्यारें हातीं आल्यावर तीं कोणावर चालवावींत हा प्रश्न अधिकच बिकट झाला. एम्. आर्. आय्. चित्रांत गादी स्पष्ट दिसूं लागली, तेव्हां १९९० सालीं मानेची कसलीही तक्रार नसलेल्या ६३ माणसांचीं चित्रें तपासण्यांत आलीं. जवळजवळ पांचव्या हिश्श्यांत दोष निघाला. म्हणजे चित्रांतला दोष हा रोग्याचा दोष असेलच असें नाहीं. कुरुपथ राधाकृष्णन् या भारतीय मज्जातंतुवैद्यानें अमेरिकेंतील रोचेस्टर शहराच्या १९७६ ते १९९० या काळांतील नोंदी सहकाऱ्यांसह चाळल्या. मानेंतील मज्जातंतू दाबल्या गेलेल्या ५६१ रोग्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्यानें शस्त्रक्रिया करविली होती. शेवटच्या तपासणीच्या वेळीं शेंकडा ९० लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. स्वीडनमध्यें १९९७ सालीं ८१ रोग्यांना चिठ्ठ्या टाकून शस्त्रक्रिया, व्यायाम किंवा मानेचा पट्टा असे वांटून दिलें. चार महिन्यांनीं शस्त्रक्रियेचा पक्ष वरचढ होता. वर्षअखेर तिघांत दखल घेण्याजोगा फरक उरला नाहीं. बाहेर आलेला गर पुष्कळदां शरीरच हळूहळू शोषून घेतें. या मधल्या काळांत वेदनाशामक औषध आणि बेतशीर व्यायाम द्यावा. पट्टा थोडेच दिवस वापरावा, नाहीं तर मानेचे स्नायु आळशी होतात. वेदना हटेनाच, अगर हाताची शक्ति घटत चालली, तर शस्त्रवैद्याला गांठावें.

हा धीर मज्जारज्जूच्या बाबतींत मात्र चालत नाहीं. सदऱ्याचीं बटणें लावतांना बोटें अडखळणें, अक्षर बिघडणें, अंधारांत चालतांना तोल जाणें, लघवीवरील ताबा सुटणें, हीं लक्षणें वृद्धपणाच्या खातीं घालून घरोघर वर्षें दवडलीं जातात. कित्येकदां हात दुखतही नाहीं, म्हणून कोणी मानेकडे पाहत नाहीं. चेचलेला मज्जारज्जू पूर्ववत् होईलच अशी हमी नसते. शस्त्रक्रियेचा पहिला हेतु पुढची घसरण थांबविणें हा असतो. दाब एकाच ठिकाणीं असेल तर पुढून जावें. अनेक ठिकाणीं असेल तर जपानी शस्त्रवैद्य हिराबायाशी यांनीं १९७७ सालीं काढलेली युक्ति उपयोगीं पडते : मणक्यांच्या मागच्या कमानी काढून न टाकतां एका बाजूनें कापावयाच्या, दुसऱ्या बाजूस बिजागरीसारख्या वांकवावयाच्या, आणि मज्जारज्जूला मागें सरकावयास जागा करून देऊन तें दार तसेंच किलकिलें ठेवावयाचें.