मिक्सरचं माहेर

रेकॉर्डिंग स्टुडिओतला मोठा मिक्सर पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी त्यावरची बटणं मोजायला लागतो. त्याची गरज नाही. चोवीस चॅनेलचा मिक्सर म्हणजे एकच उभी पट्टी चोवीस वेळा; एक पट्टी समजली की झालं. मी आधी मुंबईत टेलिफोन खात्यात होतो, मग उरलेली नोकरी स्टुडिओंची यंत्रं दुरुस्त करण्यात काढली. मिक्सरचं झाकण पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आत सगळी एक्स्चेंजमधलीच मंडळी बसलेली दिसली. संगीताच्या या यंत्राचं माहेर टेलिफोनमध्ये आहे, असं माझं म्हणणं आहे. सिग्नलच्या मागोमाग चालत गेलं, तर तुम्हालाही ते पटेल.

१९२५पूर्वी मिक्सिंग नव्हतंच. गवई कर्ण्यासमोर गायचा, आवाज चढला की मागे सरायचा. साथीदाराला किती लांब बसवायचं, हाच काय तो तोल. वीज कुठेच नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या ग्रामोफोन कंपन्यांनी माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर वापरणारी पद्धत स्वीकारली. ती तयार केली होती वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीजने, म्हणजे टेलिफोनच्या घरानेच.

आता पट्टी वरून खाली पाहू. माइकमधून निघालेला सिग्नल काही मिलिव्होल्टचा. वाटेत विजेच्या वायरिंगमधला ५० हर्ट्झचा हम त्याला चिकटतो. टेलिफोनच्या तारांना हे दुखणं फार आधी जडलं होतं. त्यावर ग्रॅहॅम बेलनेच १८८१मध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांचं पेटंट घेतलं. एका तारेत सिग्नल सुलट, दुसरीत उलट. हम मात्र दोन्हींत सारखा. पलीकडचा ट्रान्सफॉर्मर फक्त दोन्हींमधला फरक पुढे सोडतो, त्यामुळे हम तिथेच संपतो. कंडेन्सर माइकला याच तारांवरून ४८ व्होल्ट मिळतात, त्याला फँटम म्हणतात. १९६६मध्ये न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी ही सोय केली. पण दोन जोड्यांवर तिसरं संभाषण चढवायची ‘फँटम’ युक्ती टेलिफोनवाले कितीतरी आधीपासून वापरत होते.

पुढे प्रीअ‍ॅम्प. इथे सिग्नल ६० डेसिबलपर्यंत, म्हणजे हजारपट मोठा होऊ शकतो. डेसिबल हे मापसुद्धा टेलिफोनच्या तारेतली झीज मोजण्यासाठी आलेलं. इतका मोठा करूनही तो फाटत का नाही? अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर बोलायचं तर वाटेत अनेक अ‍ॅम्प्लिफायर लागत, आणि प्रत्येक जण आवाजात थोडी घाण मिसळत असे. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅबोरेटरीजचा हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीने कामावर चालला असताना त्याला तोड सुचली: बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा हिस्सा उलटा करून आत परत द्यायचा. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने आकृती काढली. नंतरच्या बहुतेक मिक्सरांच्या सर्किटमध्ये हा फीडबॅक भेटतो.

इक्वलायझरचंही तेच. लांब तारेत वरच्या फ्रीक्वेन्सी आधी झिजतात, त्या भरून काढायला तो जन्मला. संगीतवाल्यांनी झीज भरण्याऐवजी त्याने आवाजाला रंग द्यायला सुरुवात केली. लंडनच्या ईएमआयच्या व्हॉल्व्हवाल्या ‘रेड’ मिक्सरांना त्याचे दोन डबे मिळत, एक ‘क्लासिक’, दुसरा ‘पॉप’. जसं गाणं, तसा डबा. १९६८मध्ये त्यांनी ट्रान्झिस्टरचा टीजी मिक्सर बसवला आणि पुढच्या वर्षी बीटल्सचा ‘अ‍ॅबी रोड’ त्यावर झाला. ट्रान्झिस्टरही बेल लॅबोरेटरीजचाच, १९४७चा.

आता पॅचबे, म्हणजे सिग्नलच्या वाटा बदलायची जॅकची पाटी; माझा मुलूख. तिथला जॅक शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नरने १८७८च्या सुमारास टेलिफोनच्या स्विचबोर्डसाठी काढला. प्लग घातला नाही तर आतल्या पत्तीवरून सिग्नल सरळ पुढे जातो. घातला की पत्ती उचलली जाते आणि वाट तुम्ही न्याल तिकडे वळते. एका स्टुडिओत गायिकेचा आवाज मधूनच बसायचा. माइक बदलला, केबल बदलली, अर्थिंग तपासलं. दोष निघाला त्या पत्तीवरच्या काळ्या थरात. एक्स्चेंजमध्ये आम्ही पहिल्या आठवड्यात पत्त्या घासायलाच शिकत होतो.

इथून पुढचं थोडं श्रेय संगीतवाल्यांचं. गोल नॉबऐवजी बोटाने सरकणारा फेडर स्टुडिओत रुळवला न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाउडने; त्यामुळे एका हाताला अनेक चॅनेल आले. आवाज डावीकडून उजवीकडे नेणारा पॅन डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी, १९४०मध्ये आला. मग सगळ्या पट्ट्या आपापल्या रेझिस्टरमधून एका सामाईक तारेवर येतात. तिथल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पुन्हा ब्लॅकची युक्ती, म्हणून एक चॅनेल दुसऱ्याला ओढत नाही. शेवटी सिग्नलची पातळी दाखवणारा व्हीयू मीटर. १९३९मध्ये बेल लॅबोरेटरीज आणि दोन रेडिओ कंपन्यांनी मिळून तो ठरवला, तोही टेलिफोनच्या ६०० ओहमवर एक मिलिवॉट या मापाने.

ही वाट मोडली की काय होतं, त्याचा नमुना लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतला. तिथल्या एसएसएल मिक्सरवर वादकांचं बोलणं ऐकण्यापुरता एक माइक होता, त्याला आवाजातला चढउतार दाबणारा जबर कॉम्प्रेसर लावलेला. १९७९मध्ये पीटर गॅब्रिएलच्या रेकॉर्डिंगला ह्यू पॅडगमने तो चालू केला, तर त्यातून फिल कॉलिन्सचा ड्रम भलताच दणकट ऐकू आला. पण त्या माइकला टेपकडे जाणारी वाटच नव्हती. तारा नव्याने जोडून ती काढावी लागली. ऐंशीच्या दशकातला तो गाजलेला ड्रमचा आवाज असा बोलण्याच्या लाइनीवरून आला.

आज हे सगळं संगणकात आहे आणि ते वाईट नाही. पडद्यावरच्या पट्टीतही गेन, इक्वलायझर, फेडर यांची तीच मांडणी दिसते. जुने मिक्सर मात्र भंगारात निघाले आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी जागेअभावी खुशाल विकावेत. फक्त त्यांच्यासोबत आलेले सर्किटचे नकाशे रद्दीत घालू नका. यंत्र नकाशावरून पुन्हा बांधता येतं; नुसत्या यंत्रावरून नकाशा काढायला माझ्यासारख्याचा महिना जातो, आणि आमच्यासारखे आता थोडेच उरलेत.