‘स्प्लॅश’ आणि डबके

‘स्प्लॅश’ची व्युत्पत्ती विद्यार्थ्याने विचारली, की ‘ध्वन्यनुकारी’ एवढे म्हणून आम्ही वर्षानुवर्षे पुढे जात आलो. पाण्यात काही पडले, आवाज झाला, त्या आवाजाचाच शब्द झाला. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते प्रश्न मिटवून टाकते. अशा शब्दांना जणू केवळ नाद असतो, इतिहास नसतोच.

वस्तुतः ‘स्प्लॅश’ हा इंग्रजीतला तुलनेने तरुण शब्द. तो रूढ होऊ लागला अठराव्या शतकात. त्याच्या मागे आहे ‘प्लॅश’, आणि त्याचे जुन्या इंग्रजीतले रूप क्रियापद नसून नाम आहे. अर्थ : डबके. डचमध्ये ‘प्लास’ म्हणजे आजही डबके किंवा तळे. त्यात पाय पडल्यावर होणाऱ्या आवाजावरून डबक्यालाच हे नाव मिळाले असावे, असा कोशकारांचा तर्क आहे. नाद मुळाशी आहे खरा, पण शब्द आपल्या हाती येतो तो जागेचे नाव होऊन.

हा भेद निव्वळ कोशापुरता नाही. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाच्या पहिल्या अंकात, पिसा सोडून पडुआला विद्येसाठी आलेला ल्युसेंशियो स्वतःला उथळ ‘प्लॅश’ सोडून खोल पाण्यात झेपावणाऱ्या माणसाची उपमा देतो. येथे ‘पाण्याचा आवाज’ असा अर्थ घेतला, की उपमा कोसळते. आम्ही तो तसा घेऊन शिकवलेला आहे, हे येथे मान्य करणे भाग आहे.

पुढे ‘प्लॅश’ला आरंभी ‘स’ चिकटला. ‘क्रंच’चे ‘स्क्रंच’ व्हावे तसा, जोर वाढवण्यासाठी. ‘स्प्लॅटर’, ‘स्प्लटर’ यांचे गोत्रही ऐकताक्षणी जाणवते. अशा अर्थसूचक ध्वनिगुच्छांना जे. आर. फर्थ यांनी १९३० साली ‘फोनेस्थीम’ ही संज्ञा दिली. (हे फर्थ त्यापूर्वी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.)

नव्या शब्दाबरोबर चिखलही आला. डॉ. जॉन्सनच्या १७५५च्या कोशात ‘स्प्लॅश’ म्हणजे चिखलाने माखणे. घोडागाडीतल्या प्रवाशांच्या अंगावर राड उडू नये म्हणून लावलेल्या फळीचे नाव ‘स्प्लॅशबोर्ड’ होते, हे आठवले की या अर्थाचे नवल वाटत नाही. पण ‘स्प्लॅश करणे’ म्हणजे लोकांच्या नजरेत भरणे, हा अर्थ इंग्रजीत स्थिरावला. ब्रिटिश वृत्तपत्रांत पहिल्या पानावरच्या मुख्य बातमीला आजही ‘स्प्लॅश’ म्हणतात. मराठीत मात्र शिंतोडे उडतात ते चारित्र्यावर. त्यामुळे भाषांतरकाराने ‘शिंतोडे’ हा शब्द हाताशी आहे म्हणून वापरला, तर प्रसिद्धीची बदनामी होते.

डेव्हिड हॉकनी यांचे १९६७चे ‘अ बिगर स्प्लॅश’ हे चित्र आम्ही अलीकडे वर्गात दाखवतो. कॅलिफोर्नियातला जलतरण तलाव, पिवळी फळी, उसळलेले पाणी. सूर मारणारा माणूस दिसत नाही. दोन सेकंदांची ती उसळी रंगवायला हॉकनींना दोन आठवडे लागले. चित्राच्या नावाचे मराठी करा म्हटले, की वर्गातून ‘छपाक’, ‘डुबुक’, ‘उसळी’ असे शब्द येतात. मागच्या बाकावरून एकदा ‘डबके’ आले. सगळे हसले, आणि आम्ही ल्युसेंशियोचे ते भाषण पुन्हा काढले.