संशोधनाचा पैसा कोणाच्या आजाराला मिळतो?

विज्ञानाला जात नसते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. पण सरकारी संशोधन निधी कोणत्या आजारावर खर्च करायचा, हे माणसेच ठरवतात.

अमेरिकेतील सिकलसेलचा इतिहास पाहा. रक्ताचा हा आनुवंशिक आजार तिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना होतो. 1910 मध्ये त्याची नोंद झाली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवले. ज्ञान होते, निधी नव्हता. 1970 मध्ये डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी हिशेबच मांडला. 1967 मध्ये सिकलसेलचे अंदाजे 1155 नवे रुग्ण होते, तरीही त्याहून दुर्मिळ अशा अनेक आनुवंशिक आजारांना सरकारी संशोधन अनुदाने जास्त मिळत होती!

ज्यांच्यापासून प्रेरणा घेऊन आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथर्सनी 1971 मध्ये वस्त्यांत मोफत तपासणी सुरू केली. आजार राजकीय प्रश्न झाला. 1972 मध्ये सिकलसेल कायदा आला, संशोधन केंद्रे निघाली. पुढे सरकारी निधीतल्याच चाचणीने 1995 मध्ये हायड्रॉक्सीयुरिया गुणकारी असल्याचे सिद्ध केले.

विदर्भात हा आजार आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. भारताची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती 2023 मध्ये, आणि तिचा भर आदिवासी भागांवर आहे. तो हवाच, पण आपले रुग्ण मोजणीबाहेर राहता कामा नयेत. निधी वाटणाऱ्या समित्यांत आमचे शास्त्रज्ञ किती? प्रतिनिधित्वाचा प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात थांबत नाही.

जय भीम!