कोण हसलं, कोणावर हसलं?



बचत गटाची बैठक संपली, हिशोबाची वही मिटली की जुन्या मालिकांचा विषय निघतोच. एकीला सुरुवातीचं गाणं आठवतं, दुसरीला चेहरा. नाव कोणालाच आठवत नाही. "तो नाही का गं, दर वेळी नवाच माणूस बनून यायचा?" तो सतीश शाह. मालिका 'ये जो है जिंदगी', साल १९८४. आपल्या आठवणी अशा अर्धवट का राहिल्या, ते आज पाहू.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या दशकाच्या शेवटी तिथं 'चिमणराव' आले. कथा चि. वि. जोशींच्या, निर्मिती याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांची. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बढाया मारणारा, पण प्रसंग आला की भांबावणारा घरधनी, आणि त्याला पुरती ओळखून असलेली त्याची बायको काऊ. असं जोडपं कोणत्या गल्लीत नाही? पण मुंबई-पुण्याची घरं हसत होती तेव्हा त्या लहरी आपल्या जामनेरपर्यंत पोचतच नव्हत्या. आपल्याकडे होता तो रेडिओ.

पुढं १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड झालं आणि टीव्हीला रंग आला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला, आणि १९८४ पासून देशभर छोटी छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. त्यांच्यावर आधी आला दिल्लीचा हिंदी कार्यक्रम. मराठी मागून आली. म्हणजे खान्देशातल्या बाईला टीव्हीवरचा पहिला विनोद परक्या भाषेत मिळाला. घरात अहिराणी नाहीतर तावडी, पडद्यावर हिंदी. त्यात गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही. पुढं पुरुष, मधे पोरं, दाराशी बाया, आणि निम्मा कान चुलीवरच्या दुधाकडे. वीज गेली की उरलेली गोष्ट गेली. निम्मंच पाहायला मिळालं, मग आठवणार तरी किती?

दुसरं कारण टेपचं. तेव्हा टेप महाग असायची. एक कार्यक्रम पुसून तिच्यावरच दुसरा भरायचे. हे विलायतेतही झालं. गावाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या स्वयंसेवकांवर बीबीसीची 'डॅड्स आर्मी' नावाची मालिका होती, १९६८ ते १९७७ ची. लोकांची फार लाडकी. तिचेही तीन भाग अजून सापडलेले नाहीत. आपल्या 'चिमणराव'चेही मोजकेच भाग आज पाहायला मिळतात.

विलायतेची आणखी एक मालिका होती, 'माइंड युवर लँग्वेज'. देशोदेशीचे लोक इंग्रजी शिकायला बसलेत आणि चुका करताहेत, यावर सगळा विनोद. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९९३ मध्ये 'जबान संभाल के' आली. मास्तर पंकज कपूर, विषय हिंदी. लोक पोट धरून हसले. पण विलायतेत पुढं टीका झाली, की हे परक्या माणसाच्या बोलण्याला हसणं आहे. हे आपल्याला लगेच कळावं. तालुक्याच्या कचेरीत, बँकेत आपण आपल्या बोलीत बोललो की समोरचा गालात हसतो. तेव्हा तोंडातला शब्द तोंडातच राहतो आणि काम अडतं.

म्हणून मला २००१ मध्ये सुरू झालेले 'श्रीयुत गंगाधर टिपरे' जवळचे वाटतात. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' पुस्तकावरची ही मालिका. आबा, मुलगा, सून, नातवंडं. प्रत्येकाची फजिती व्हायची, पण कोणाला हिणवलं जायचं नाही. तिथं घर स्वतःलाच हसायचं.

तर पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा : पहिल्यांदा टीव्ही कोणाच्या घरी पाहिला? कुठं बसायला मिळालं? हसू कशाचं आलं? आणि राग कशाचा आला? ती ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत लिहून घ्या, नाहीतर मोबाइलवर आवाज भरून ठेवा. मालिकांच्या टेपा पुसल्या गेल्या, त्याला आता इलाज नाही. पण दाराआडून त्या पाहणाऱ्या आपल्या माया-मावश्या अजून सांगायला आहेत. त्यांचं सांगणं भरून ठेवणं आपल्या हातात आहे.

रामराम.